तोशीस कोणी सोसावी?

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६८ साली वॉटसन विरुद्ध म्यूरहेड या दाव्यात दिलेला निवाडा आज कायद्याच्या अभ्यासकांखेरीज फारसा कोणाच्या स्मरणात नसला, तरी स्थावर मिळकत विकत घेणाऱ्या सामान्य माणसाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असाधारण आहे. म्यूरहेड हा मिळकतींचे दप्तर तपासून खरेदीचे दस्तऐवज करून देणारा व्यावसायिक होता. वॉटसनसाठी एका मिळकतीचा शोध घेताना त्याला तिच्यावरील संभाव्य बोजांच्या नोंदी आढळल्या. त्यांचा अर्थ काय घ्यावा हे त्याने वकिलाला विचारले, हे बोजे मिळकतीस लागू होत नाहीत असा अभिप्राय वकिलाने दिला, आणि त्या भरवशावर मालकी निर्वेध असल्याचे म्यूरहेडने कळविले. पुढे तेच बोजे कायदेशीर ठरले आणि वॉटसनचे पैसे बुडाले. व्यवसायात अपेक्षित असलेली दक्षता म्यूरहेडने घेतली होती, सबब भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले.

या निवाड्यात न्यायालय चुकले असे म्हणता येत नाही, आणि अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. शोध घेणारा प्रामाणिक, सल्ला देणारा वकील प्रामाणिक, खरेदीदार तर सर्वांहून प्रामाणिक. तरीही नुकसान झाले, आणि भरपाई ही दोषी माणसाकडूनच वसूल करावयाची असा कायद्याचा दंडक असल्यामुळे, दोष कोणाचाच नसताना ते नुकसान ज्याच्यावर कोसळले त्याच्याच माथी राहिले. मालकीहक्काच्या विम्याचा, म्हणजे ज्याला आपणही आता टायटल इन्शुरन्स म्हणू लागलो आहोत त्याचा, उगम या पोकळीत आहे. १८७४ साली पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने असा विमा उतरविणाऱ्या कंपन्या स्थापण्यास अनुमती देणारा कायदा केला आणि २८ मार्च १८७६ रोजी जोशुआ मॉरिस व त्याच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात या प्रकारची पहिली कंपनी उभी केली. चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला सारून, मालकी सदोष ठरली तर भांडवलातून भरपाई देण्याचे वचन तिने दिले.

या विम्याची प्रकृती इतर विम्यांहून मुळातच भिन्न आहे. आगीचा अथवा आयुष्याचा विमा पुढे घडू शकणाऱ्या आपत्तीसाठी असतो आणि त्याचा हप्ता वर्षानुवर्षे भरावा लागतो. हा विमा मात्र मागे पाहतो. पॉलिसीच्या तारखेपूर्वीच मिळकतीच्या इतिहासात दडून बसलेले, परंतु त्या दिवशी कोणाला ठाऊक नसलेले दोष, एवढाच त्याचा विषय. साठ वर्षांपूर्वीच्या खतावरील बनावट सही, वारसनोंदीत न आलेली मुलगी, मुखत्यारपत्र देणारा निवर्तल्यानंतर त्याच मुखत्यारपत्रावर झालेली विक्री, थकलेल्या कराचा वा घर बांधणाऱ्या ठेकेदाराच्या बिलाचा बोजा, नोंदवहीत कारकुनाच्या हातून झालेली चूक, अशा दोषांपासून तो संरक्षण देतो आणि त्यासाठी हप्ता खरेदीच्या वेळी एकदाच भरावयाचा असतो. घर स्वतःच्या किंवा वारसांच्या मालकीचे असेपर्यंत मालकाची पॉलिसी चालू राहते. कर्ज देणाऱ्या संस्थेची पॉलिसी वेगळी, आणि ती कर्ज फिटेल तसतशी आटत जाते. बँकेने विमा घेतला म्हणजे आपलेही रक्षण झाले, ही समजूत अमेरिकेतही अनेकांची असते आणि ती घातक आहे, कारण बँकेची पॉलिसी बँकेच्या पैशाचे रक्षण करते, घरमालकाने पदरच्या पुंजीतून घातलेल्या रकमेचे नव्हे.

भरपाईइतकेच, किंबहुना तिच्याहूनही, मोलाचे असे दुसरे वचन या पॉलिसीत असते: मालकीस कोणी हरकत घेऊन दावा लावला, तर तो लढविण्याचा खर्च कंपनीने करावयाचा. ज्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या आहेत त्याला या वचनाचे मोल निराळे सांगावयास नको. अर्थात मर्यादाही आहेत. खरेदीदाराला आधीच ठाऊक असलेला आणि त्याने कंपनीपासून लपविलेला दोष, सरकारने पुढे केलेले भूसंपादन, बांधकामाचे व जमीनवापराचे निर्बंध हे सर्व वगळलेले असतात; शिवाय शोधात जे आढळले ते अपवादांच्या यादीत घालून कंपनी मोकळी होऊ शकते, म्हणून ती यादी सहीपूर्वी वाचणे हे खरेदीदाराचे पहिले कर्तव्य.

कंपन्यांचा खरा आधार म्हणजे त्यांनी स्वतः राखलेली दप्तरे. ऑक्टोबर १८७१ च्या आगीत शिकागोचे न्यायालय जळाले आणि त्यासोबत तेथील मिळकतींच्या सरकारी नोंदी भस्मसात झाल्या, तेव्हा तीन खासगी पेढ्यांनी ज्वाळांतून वाचविलेल्या आपल्या अनुक्रमणिका आणि टिपणे एवढाच त्या महानगराच्या मालकीचा लेखी पुरावा उरला. पुढच्याच वर्षी इलिनॉय राज्याने कायदा करून तो ग्राह्य मानला.

एवढे असूनही या धंद्यावर अमेरिकेत होणारी टीका मला न्याय्य वाटते. हप्त्यांतून जमणाऱ्या रकमेपैकी दाव्यांच्या भरपाईपोटी सुमारे पाच टक्केच जातात. कंपन्या म्हणतात की आमचा पैसा दोष आधीच शोधून काढण्यात खर्च होतो, आणि त्यात तथ्यही आहे; परंतु गिऱ्हाईक आणून देणाऱ्या मध्यस्थांच्या दलालीतही बराच भाग मुरतो, आणि तसल्या छुप्या देवघेवीला आळा घालण्यासाठी १९७४ साली संघराज्याला कायदा करावा लागला. आयोवा राज्याने तर १९४७ साली अशा खासगी विम्याच्या विक्रीस मनाई केली आणि १९८५ पासून राज्याचीच हमी योजना चालविली.

आता महाराष्ट्राकडे वळू. आपल्याकडे दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो. तो लिहून देणाऱ्याची ओळख पाहतो, त्याची मालकी पाहत नाही. सातबाऱ्यावरील नोंद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५७ अन्वये उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची, म्हणजे उलट सिद्ध होऊ शकते हे कायद्यानेच गृहीत धरलेले. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला, सूची दोन पाहिली, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, तरी अज्ञान मुलाच्या स्वतंत्र मालकीची मिळकत न्यायालयाच्या परवानगीवाचून पालकाने विकली असेल, तर तो मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत ती विक्री रद्द करून मागू शकतो. कूळकायद्याची किंवा वतनी इनामाच्या नव्या शर्तीची जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित झाली असेल, तर तिच्यावर उभ्या राहिलेल्या घराचा पायाच कच्चा. आणि केवळ कुलमुखत्यारपत्रावर केलेल्या व्यवहाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. खरेदीखताच्या शेवटी विकणारा लिहून देतो की कोणी हरकत घेतल्यास ती आम्ही आमच्या खर्चाने निवारू, तुम्हांस तोशीस लागू देणार नाही. हे वचन देणारा पंधरा वर्षांनी हयात असेल, सापडेल आणि ऐपतदार असेल, या तिहेरी गृहीतकावर कुटुंबाची सारी बचत सोपविलेली असते.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी नियोजन आयोगासाठी १९८९ साली सादर केलेल्या अहवालात याच दुखण्यावर इलाज सुचविला होता: दस्ताची नव्हे तर मालकीची नोंदणी करावी आणि त्या नोंदीची हमी शासनाने घ्यावी. रॉबर्ट टॉरेन्सने दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली घालून दिलेली पद्धत ती हीच. ते काम प्रचंड आहे. जिथे एकेका गटाचे सहा-सहा पोटहिस्से मोजणीवाचून पडून आहेत, तिथे हमी देण्यापूर्वी शासनाला आपलेच दप्तर दुरुस्त करावे लागेल.

तोपर्यंत विम्याचा मार्ग उरतो. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या, म्हणजे रेराच्या, कलम १६ ने शासन अधिसूचित करील तो जमिनीच्या व इमारतीच्या मालकीचा विमा प्रवर्तकाने काढावा, हप्ताही त्यानेच भरावा आणि विक्रीकराराच्या वेळी त्याचा लाभ घर घेणाऱ्याकडे जावा, असे सांगितले आहे. कलम १८ ने सदोष मालकीमुळे झालेल्या नुकसानीच्या दाव्याला मुदतीचा अडसर ठेवलेला नाही. दोन्ही तरतुदी एकत्र वाचल्या म्हणजे त्यांतील शहाणपण लक्षात येते, कारण मुदतीचा अडसर नसलेला दावा दिवाळखोर प्रवर्तकाविरुद्ध निरुपयोगी आणि विमा कंपनी पाठीशी असेल तर मोलाचा. पण रेरा नव्या प्रकल्पांपुरता. गावठाणातला वडिलोपार्जित वाडा, वीस वर्षे जुन्या सोसायटीतला फ्लॅट, अभिहस्तांतरण न झालेल्या भूखंडावरची इमारत यांची खरेदी-विक्री त्या छत्राबाहेर चालते, आणि तिथला खरेदीदार बहुधा अधिक गरीब असतो. महाराष्ट्राने कलम १६ ची अधिसूचना काढताना खासगी कंपन्यांवरच विसंबू नये. मुद्रांकशुल्काच्या उत्पन्नातला लहानसा अंश बाजूला काढून आयोवाच्या धर्तीवर हमीनिधी उभारावा, आणि त्याचा पहिला लाभ या जुन्या घरांच्या खरेदीदारांना द्यावा.