बाई, ती हसत नाही!

मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्या पहिल्या तुकडीतल्या कितीतरी मुली आज स्वतः आया झाल्यात. पण इंग्रजीत चार वाक्यं बोल म्हटलं, की अजूनही तोंडाला कुलूप! ग्रामर पाठ, धड्याखालची उत्तरं पाठ, पेपरात मार्कही बरे. आणि 'आज डब्यात काय आणलंस?' एवढंच इंग्रजीत विचारलं की ओढणीच्या टोकाशी चाळा सुरू. तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत मी २१ वर्षं इंग्रजी शिकवतेय, त्यामुळे हे कुलूप माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

हिशेबच बघा ना. वर्गात ४८ मुली, तास ३५ मिनिटांचा. मी एक अक्षर न बोलता सगळा तास मुलींना देऊन टाकला, तरी एकीच्या वाट्याला पाऊण मिनिटसुद्धा येत नाही. तेवढ्यात बोलणार काय आणि शिकणार काय?

म्हणून गेल्या वर्षी मोठ्या बाईंची परवानगी आणि पालकांच्या सह्या घेऊन मी नववीच्या वर्गात दोन फोन न्यायला लागले. एक माझा, एक घरात पडून असलेला जुना. त्यात बोलणारा एआय. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये, पुढच्या वर्षी त्याला आवाज मिळाला. आता तशी बरीच ॲप्स आहेत. आपण बोललेलं ऐकायचं, त्यापुढं कोणते शब्द शोभतील याचा अंदाज बांधायचा आणि उत्तर द्यायचं, असं त्याचं काम. आत कुणी बाई बसलेली नाही, हे मी पहिल्याच दिवशी बजावलं. तरी मुली तिला 'ती'च म्हणतात!

सहा-सहा जणींचा गट व्हरांड्यात बसतो. कधी ती बँकेतली बाई होते, कधी डॉक्टर, कधी एसटी स्टँडवरचा चौकशीवाला. पहिल्या आठवड्यात एकीनं मोठ्या हौसेनं सांगितलं, संध्याकाळी आम्ही स्नॅक्स खातो. उच्चार झाला 'स्नेक्स'. म्हणजे साप! तर ही बया म्हणते, अरे वा, छान, कोणते साप आवडतात तुला? अख्खा व्हरांडा हसून लोळला. पण 'ॲ' आणि 'ए' यांतला जो फरक मी फळ्यावर लिहून लिहून थकले होते, तो त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला.

सगळ्यात मोठा फायदा मात्र मला वेगळाच दिसला. आमच्या मुली कुजबुजतात. घरी 'हळू बोल' ऐकून ऐकून आवाजच बसलेला असतो. कुजबुजलेलं त्या फोनला कळतच नाही, तो आपला पुनःपुन्हा 'परत सांग' म्हणतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीचा आवाज मी पाचवीपासून कधी धड ऐकला नव्हता. चौथ्या वेळी वैतागून तिनं खणखणीत आवाजात सांगितलं, मला पुण्याच्या गाडीची वेळ हवी आहे! नंतर मला म्हणाली, "बाई, चुकलं तरी ती हसत नाही, म्हणून बोलता येतं."

खरंय. पण हसत नाही तशी ती रागावतही नाही, हा तिचा दोष. 'आय गोड' म्हटलं तरी 'व्हेरी गुड'! चुकीचं वाक्य मनातल्या मनात सुधारून घेते आणि पुढं जाते. पोरीला पत्ताच लागत नाही. विचार करायला जरा थांबलं, की वाक्य संपलं समजून बोलायला लागते. म्हणून आता सुरुवातीलाच मुली तिला सांगतात, लहान वाक्यं बोल, माझं चुकलं तर तिथंच थांबव. मग बरीच सुधारते. तरी गटातल्या एकीनं वहीत चुका टिपायच्या आणि शेवटी मला दाखवायच्या, हा नियम मी ठेवलाय.

या यंत्रांची पणजी १९६६ सालची, अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी केलेली. नाव एलायझा. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या फुलं विकणाऱ्या मुलीवरून ठेवलेलं, म्हणजे आपल्या पुलंच्या 'ती फुलराणी'तल्या मंजुळाचीच थोरली बहीण म्हणा! टाइप केलेलं वाक्य उलटवून प्रश्न विचारणं, एवढंच ती करायची. तरी वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनं तिच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. माणसं यंत्राशी मन मोकळं करतात, हे तेव्हाच दिसलं.

आमच्याकडेही तेच झालं. टिपणवहीत एका मुलीचं वाक्य होतं: माय फादर से, नो कॉलेज आफ्टर टेन्थ. उत्तरात 'मला वाईट वाटलं, आईवडिलांशी बोल' वगैरे छान इंग्रजी. त्यापुढं ती तरी काय करणार? मी संध्याकाळी तिच्या घरी गेले. वडिलांची अडचण होती कॉलेजच्या रोजच्या भाड्याची. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. फॉर्म कसा भरायचा ते सांगून आले. ते "बघू" म्हणालेत. मी पुन्हा जाणार आहे.

तेव्हापासून घरचं नाव, गाव, खासगी काही यंत्राला सांगायचं नाही, असं फळ्यावर कायमचं लिहून ठेवलंय. घरी फोन देणाऱ्या आयांनाही हे सांगते. चॅटजीपीटीच्या अटींतच आहे, की १३ वर्षांखालच्या मुलांनी ते वापरायचं नाही आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी हवी.

आणि या आयांचंच आता नवीन निघालंय. "बाई, पोरींचं झालं की आम्हाला पण बसू द्या." दर शनिवारी चार वाजता सात-आठ जणी येतात. एकीचा मुलगा पुण्यात असतो, तिथल्या दवाखान्यात तिला मागे सारून लोक पुढं जातात. तिनं पहिलं वाक्य मागून घेतलं, 'माझा नंबर आधी आहे.' ते ती दहा वेळा मोठ्यानं म्हणाली.