किरणोत्सारी औषध आणि मूत्रपिंडांची राखण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला शरीरविज्ञान शिकवीत. मी पुढे मराठीचा प्राध्यापक झालो, तरी त्यांचा एक तास विसरलो नाही. फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती काढून ते म्हणाले होते, "गाळणे सोपे आहे, गाळून गेलेल्यातून घरचे तेवढे परत वेचणे कठीण." या वाक्याचा खरा अर्थ मला उतारवयात, २०१९ साली, मुंबईच्या एका रुग्णालयात कळला. वैद्यक हा माझा अभ्यासविषय नव्हे. परंतु त्या दिवशी माझ्या अज्ञानामुळे घरच्याच माणसाचे नुकसान होता होता राहिले, म्हणून आज हा विषय आपणांसमोर मांडीत आहे.

माझ्या धाकट्या भावाच्या स्वादुपिंडात न्यूरोएंडोक्राइन जातीची गाठ निघाली होती व ती यकृतात पसरली होती. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली. इंदूरच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईस गेलो.

या जातीच्या बहुतेक गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या संप्रेरकाला धरून ठेवणारे रेणू मोठ्या संख्येने असतात. त्या संप्रेरकाशी साम्य असणारे एक लहानसे पेप्टाइड बनवून त्याला किरणोत्सारी अणू जोडला, की ते रक्तातून फिरत त्या पेशींना जाऊन चिकटते. जोडलेला अणू गॅलियम-६८ असेल तर गाठ कोठे कोठे आहे त्याचे चित्र मिळते. ल्युटेशियम-१७७ असेल तर त्या पेशींचा नाश होतो. आपल्या देशात हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार केले जाते. उपचाराचे साधारणतः चार डोस असतात आणि दोहोंमध्ये सुमारे आठ आठवड्यांचे अंतर असते.

आता प्रश्न मूत्रपिंडांचा. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवी मात्र दीड-दोन लिटरच होते. उरलेले सारे सूक्ष्म नलिका परत शोषून घेतात. लहान प्रथिने आणि पेप्टाइडे यांना परत उचलण्यासाठी नलिकेच्या आरंभीच्या भागातील पेशींवर मेगालिन नावाचा एक मोठा रेणू असतो. किरणोत्सारी पेप्टाइड गाळणीतून उतरले, की मेगालिन त्यालाही घरचेच समजून आत घेतो. पेशी पेप्टाइडाचे तुकडे करते. पण किरणोत्सारी अणू ज्या तुकड्याला बांधलेला असतो, तो बाहेर टाकणे तिला साधत नाही. तो तेथेच राहून किरणांचा मारा करीत राहतो. ल्युटेशियमचा अर्धायुकाल सुमारे साडेसहा दिवसांचा आहे, हे येथे ध्यानी घ्यावे. मूत्रपिंडाचा काटकसरी स्वभाव, जो एरवी आपल्याला जगवतो, तोच असा त्याच्या मुळावर येतो. मेगालिनचा हा वाटा रॉटरडॅमच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिला. ज्या उंदरांच्या मूत्रपिंडांत मेगालिन नव्हता, त्यांच्यात पेप्टाइडाचा साठा पुष्कळच कमी आढळला.

यावरचा उपाय मात्र त्याआधीच, १९९०च्या दशकात हाती आला होता. लायसिन आणि आर्जिनिन ही दोन अमिनो आम्ले शिरेतून भरपूर दिली, की ती नलिकेशी पेप्टाइडाच्या आधी पोहोचून परत उचलण्याच्या वाटा अडवून धरतात, आणि बरेचसे पेप्टाइड लघवीवाटे निघून जाते. प्रत्येकी सुमारे २५ ग्रॅम अमिनो आम्ले लिटरभर सलाइनमधून देण्याची पद्धत रूढ आहे. औषधाच्या अर्धा तास आधी ही बाटली सुरू होते आणि औषध संपल्यावरही निदान तीन तास चालू राहते. तिच्यामुळे मूत्रपिंडांना पोहोचणारी मात्रा सरासरीने जवळपास निम्म्यावर येते. औषधाचा डोस काही कारणाने कमी केला, तरी अमिनो आम्लांचे प्रमाण कमी करावयाचे नसते.

या बाटलीचा त्रासही आहे. मळमळ, उलट्या होतात. रक्तातील पोटॅशियम वाढू शकते, म्हणून ते आधी तपासतात. माझ्या भावाला पहिल्याच वेळी सारख्या उलट्या होऊ लागल्या. तो म्हणाला, "दादा, औषध तर केव्हाच संपले. ही बाटली बंद करायला सांग ना!" मलाही ते पटले. मी सिस्टरांकडे जाऊन हट्टच धरला. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, औषध गाठीसाठी होते. ही बाटली त्यांच्या किडनीसाठी आहे. उलटीवर आणखी इंजेक्शन देते, पण बाटली बंद करणार नाही." मी खाली मान घालून परतलो, आणि त्या क्षणी मला गुरुजींचा फळा आठवला.

ही सावधगिरी किती मोलाची, ते यिट्रियम-९०च्या अनुभवावरून कळते. त्याचे कण ऊतींत ११ मिलिमीटरपर्यंत जातात, म्हणजे नलिकेत अडकलेला अणू शेजारच्या गाळणीलाही भाजतो. बासेलच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये अशा ११०९ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यांपैकी ९.२ टक्के रुग्णांच्या मूत्रपिंडांना गंभीर व कायमची इजा झालेली होती. ल्युटेशियमच्या कणांचा पल्ला फार तर २ मिलिमीटरचा, त्यामुळे अशी गंभीर इजा क्वचितच आढळते. ही इजा कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी उघड होते. मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांना धोका अधिक. म्हणून उपचार संपले तरी क्रिएटिनिनची तपासणी संपत नाही.

एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक किरणोत्सारी औषधाला हाच उपाय लागू पडतो असे नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील ल्युटेशियम-पीएसएमए या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ते ज्या रेणूला चिकटते, तो मूत्रपिंडाच्या नलिकांवरही असतो. तेथे वाट निराळी, म्हणून अमिनो आम्लांची बाटली त्या उपचाराचा भाग नाही. भरपूर पाणी पिणे, वारंवार लघवीस जाणे आणि रक्ततपासणी यांवर भर असतो. चित्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या गॅलियमचा अर्धायुकाल अवघा ६८ मिनिटांचा आणि मात्राही अल्प, त्यामुळे तेथे पाणी पिणे आणि मूत्राशय रिकामे करणे एवढे पुरते. कोणती वस्तू कोणत्या दाराने आत शिरते, हे ओळखल्यावाचून राखण करता येत नाही.

भावाचे चारही डोस पूर्ण झाले, आणि चारही वेळा ती बाटली शेवटच्या थेंबापर्यंत चालली. गाठ गेलेली नाही, पण वाढही थांबलेली आहे; मूत्रपिंडे आपले काम करीत आहेत. आपणांपैकी कोणावर अशा रुग्णाच्या उशाशी बसण्याची वेळ आली, तर मी केला तसा हट्ट धरू नये. ती बाटली कशासाठी आहे ते आधी विचारावे, आणि उलटीवरचे औषध मागून घ्यावे. गुरुजींनी फळ्यावर दिलेला धडा मी उशिरा शिकलो. आपण तो वेळेवर शिकावा, एवढ्यासाठीच हे निवेदन.