नंबर कुणाचा आधी?

आमच्या पिंगुळीच्या दवाखान्यात तपासणी साडेनऊला सुरू होते, पण पहिली पिशवी सातलाच ओट्यावर येते. पिशवीचा मालक घरी जाऊन चहा घेतो, गुरांना पेंढा घालतो आणि दहाला येऊन "माजो पयलो नंबर" म्हणून उभा राहतो. पूर्वी रांगेत पिशव्या, छत्र्या, कधी नुसता दगडही असे. आता त्यात फोनवरून लावलेल्या नंबरांची भर पडली आहे. त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी बाहेर आवाज चढतो. तेव्हा आज औषधांऐवजी थोडे नंबराविषयी.

आधी साधा हिशेब पाहू. मला एका रुग्णाला सरासरी सहा मिनिटे लागतात. साडेनऊला तीस जण एकदम आले, तर तिसाव्याला जवळजवळ तीन तास बसावे लागते. तो सातला आला असता तरी एकूण गर्दीचा वेळ काही कमी होत नाही. फक्त त्याच्या जागी दुसरा बसतो. म्हणून आम्ही फोनवर नुसता 'अकरावा नंबर' सांगत नाही, 'साडेदहाला या' असे सांगतो. ही युक्ती नवी नाही. १९५२ साली ब्रिटनमध्ये बेली आणि वेल्च या दोघांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात रुग्णांना वेळा कशा द्याव्यात याचे गणित मांडले. सुरुवातीला दोघांना बोलवा आणि पुढच्यांना सरासरी तपासणीला लागतो तेवढ्या अंतराने, असे त्यांचे सूत्र होते. मात्र डॉक्टरनेही वेळेवर बसले पाहिजे, हेही त्यांनी बजावले होते. साडेनऊची पाटी लावून डॉक्टर सव्वादहाला आला, तर फोनवर दिलेल्या साऱ्या वेळा फुकट जातात. मी उशिरा आलो तर जरूर विचारा.

तीन तास बाकावर बसण्यात वेळ जातो एवढेच नुकसान नसते. शेजारी खोकणारा बसलेला असतो. अंगावर पुरळ आणि ताप असलेले मूल तर गर्दीत अजिबात बसवू नका. गोवराचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत खोलीच्या हवेत राहू शकतो. अशा मुलाला बाहेर रिक्षातच बसवा आणि एकाने आत येऊन कंपाउंडरला सांगा. मागच्या दाराने तपासणी करता येते. कुणी "हे मधीच कशे घुसले?" असे म्हटले, तर म्हणू द्या.

आता मुख्य मुद्दा. नंबर हा आल्याचा क्रम असतो, आजाराचा नसतो. आपल्याकडची माणसे भिडस्त. भांडणारा नंबरासाठी भांडतो, पण ज्याला खरोखर आधी आत यायला हवे तो गप्प बसतो. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात एक साठीतले शेतकरी सत्ताविसावा नंबर घेऊन ओट्यावर टेकले होते. पाऊस पडून हवा गार झाली होती आणि यांचा सदरा घामाने भिजलेला. शेजारच्या बाईंनी विचारले तर म्हणाले, "गॅस झालो हा. नंबर येय सर बसतंय." त्या बाईंनी कंपाउंडरला हाक मारली. कार्डिओग्राममध्ये हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. पहिले औषध देऊन १०८ च्या गाडीने त्यांना पुढे पाठवले, ते वाचले. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा कार्डिओग्राम आल्यापासून दहा मिनिटांत काढावा असा नियम आहे. त्यांनी नंबराची वाट पाहिली असती तर अडीच तास गेले असते. आणि दर वेळी छातीतच दुखेल असे नाही. मधुमेही, वयस्कर माणसे आणि बायका यांना कधी नुसता घाम, धाप, जबडा किंवा डावा हात दुखणे, पोटात वर जळजळणे एवढेच होते.

तेव्हा पुढील त्रास असेल तर आल्या आल्या कंपाउंडरला मोठ्याने सांगा: छातीत दुखणे, धाप, दरदरून घाम, झटके, भान हरपणे, मलूल पडून दूध न पिणारे तान्हे बाळ, गरोदर बाईला रक्तस्राव किंवा जोराची डोकेदुखी. भातलावणीच्या दिवसांतला तापही यातच धरा. चिखलात काम केलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर लेप्टोची शंका घ्यावी लागते. "उद्याचो नंबर लाव" म्हणून तो दिवस घालवू नका. लघवी कमी झाली असेल तर मुळीच नाही.

काही वेळा तर माझ्याकडे येऊच नये. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोबडी वळली, तर थेट सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. सर्पदंश झाला तर जागा कापू नका, आवळून बांधू नका; कुडाळचे ग्रामीण रुग्णालय किंवा ओरोसचे सरकारी रुग्णालय गाठा. वाटेत मला दाखवायला थांबलात तर वीस मिनिटे वाया जातील.

साखरेच्या रुग्णांचा एक वेगळाच घोळ असतो. उपाशीपोटी रक्त द्यायचे म्हणून काही खात नाहीत, पण सवयीने गोळी मात्र घेतात, नाहीतर इन्सुलिन टोचतात आणि अकरापर्यंत रांगेत बसतात. मग हात थरथरतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्त द्यायला नंबर लागत नाही. आठ वाजता या, रक्त द्या, मग नेहमीप्रमाणे औषध घेऊन न्याहारी करा. तपासणीसाठी दिलेल्या वेळेला पुन्हा आलात तरी चालेल. थरथर जाणवली तर कंपाउंडरकडे साखर मागा, त्यासाठी डबा भरून ठेवलेला आहे.

'एका मिनिटाची' मंडळी दार ढकलून विचारतात, "डॉक्टरांनू, तीच गोळी चालू ठेवूची मा?" प्रश्न लहान असतो. पण उत्तर द्यायला रक्तदाब पाहावा लागतो, जुना कागद लागतो, आणि आतल्या खुर्चीवर बसलेली बाई आपले खाजगी दुखणे अर्धवट सोडून गप्प होते. अशा मंडळींसाठी संध्याकाळचा पहिला अर्धा तास राखून ठेवला आहे. फोनही त्याच वेळी करावा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला रिपोर्ट मी रात्री पाहतो. त्यावर तातडीची गोष्ट लिहून उत्तराची वाट पाहत बसू नका.

वेळ घेऊन यायचे जमले नाही तर तेवढे कळवा. तुमच्या जागी दुसऱ्याला बोलावता येते. येताना जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे घेऊन या. 'पांढरी बारकी गोळी' एवढ्यावर ती कशाची हे मला सांगता येत नाही, आणि ते शोधण्यात तुमची सहा मिनिटे संपतात.

गणपतीत चाकरमानी आले की आमची गर्दी दुप्पट होते. मुंबईहून येताना रक्तदाबाच्या गोळ्या विसरलेला एक तरी रोज असतो. इथल्या नेहमीच्या रुग्णांनी चतुर्थीच्या आठ दिवस आधीच येऊन महिन्याच्या गोळ्या लिहून घ्याव्यात. आणि मुंबईच्या भावाला फोन कराल तेव्हा गोळ्यांचे पाकीट बॅगेत टाकायलाही सांगा.