ढालीची कोणती बाजू?

कुरुंदवाडच्या शिवेवर कृष्णेत मिसळण्याआधी पंचगंगा कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीजवळून वाहते. त्या टेकडीवर 1940च्या दशकात पॉसिडॉनची काशाची छोटीशी मूर्ती सापडली. आता ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. हा ग्रीकांचा समुद्रदेव, आणि त्याचं आयुध त्रिशूळ. आपल्याला त्रिशूळ दिसला की शंकर आठवतो. मॅन्टिनिया नावाच्या ग्रीक नगराचे सैनिक मात्र पॉसिडॉनचा त्रिशूळ ढालीवर मिरवत, असं जुन्या ग्रीक काव्यावरून कळतं. मग एखाद्या ग्रीक भांड्यावर त्रिशूळवाली ढाल दिसली, की तो शिपाई मॅन्टिनियाचाच समजायचा का?

इथेच घाई नडते. ग्रीक पायदळाची ढाल गोल, लाकडी, साधारण 90 सेंटिमीटर व्यासाची. लाकूड कुजलं, रंग गेले, क्वचित काशाचा पत्रा उरला. त्यामुळे ढालींवरची साप, सिंह, बैल, पक्षी, गॉर्गन राक्षसीचा जीभ काढलेला चेहरा अशी चिन्हं शोधायची तर भाजलेल्या भांड्यांकडेच जावं लागतं. आणि भांडी रंगवणारा काही सैन्याचा कारकून नव्हता! तोच ग्रीक वीर अकिलीस एका भांड्यावर एक चिन्ह घेऊन उभा, दुसऱ्यावर भलतंच. काळ्या आकृत्यांच्या शैलीत चिन्ह बहुधा पांढरं, कारण काळ्या ढालीवर तेच उठून दिसणार. खऱ्या ढालीचा रंग त्यावरून ठरत नाही.

मला सगळ्यात गंमत वाटते ती दिशेची. ढाल डाव्या हातात. त्यामुळे उजवीकडे चाललेल्या शिपायाच्या ढालीची आतली बाजू आपल्याला दिसते, डावीकडे येणाऱ्याची बाहेरची. इ.स.पू. 650 ते 640च्या सुमाराच्या, ‘चिगी’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक भांड्यावर दोन फौजा समोरासमोर आहेत: एकीकडे नुसते पट्टे नि मुठी, दुसरीकडे चिन्हांची रांग. ग्रीक चित्रांत जिंकणारा बहुतेकदा डावीकडून उजवीकडे सरकतो. म्हणजे पुष्कळदा आपण बघतो ती हरणाऱ्याचीच चिन्हं.

करवीर तालुक्यातल्या बीड गावचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, बघताना हीच नजर उपयोगी पडते. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाच्या चौकटीत लढाई, मग वीराला घेऊन निघालेल्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा. ढाल सापडते ती तळाशी, पावसानं झिजलेली. ती सपाट दिसली म्हणून कोरी होती असं नाही. आणि वीर जर उजवीकडे तोंड करून लढत असेल, तर तिची पुढची बाजू शिल्पकारानं कोरलीच नसेल.