म्हातारपण : कशामुळे आणि कशासाठी?

सजीवांच्या जीवनप्रक्रिया शिकवताना पोषण, श्वसन, वाढ, प्रजनन इथपर्यंत सगळे सुरळीत चालते. मग एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, पण प्राणी म्हातारे का होतात?" अशा वेळी आपल्यापैकी बरेच जण ठरलेले उत्तर देतात : जुने गेले नाहीत तर नव्यांना जागा कशी मिळणार? पिकले पान गळायचेच! उत्तर ऐकायला पटते. वर्ग गप्प होतो आणि तास पुढे सरकतो.

हे उत्तर चुकीचे आहे, आणि ही चूक फक्त जीवशास्त्रापुरती राहत नाही. वर्गातल्या अनेक मुलांच्या घरी आजी-आजोबा असतात. निसर्गाने म्हातारपण जागा रिकामी करण्यासाठीच नेमले आहे असे विज्ञानाच्या तासाला सांगितले, की घरातल्या वृद्ध माणसाचे आता काय काम, या प्रश्नाचेही उत्तर नकळत दिले जाते. स्वतः त्या वयाला पोचलेली माणसेही हाच प्रश्न मनात घोळवत असतात : आपल्या जगण्याला आता काही अर्थ उरला आहे का? १९५१ च्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षे होते, आज ते ७० च्या आसपास आहे. (त्या काळी माणसे बत्तिसाव्या वर्षी म्हातारी होत, असा याचा अर्थ नव्हे. बालमृत्यू फार असल्याने सरासरी खाली येई.) म्हणजे हा प्रश्न पडण्याच्या वयाला पोचणारी माणसे आता कितीतरी जास्त आहेत. तेव्हा आपले ठरलेले उत्तर एकदा तपासून घ्यायला हवे.

ते मांडणारा माणूस साधासुधा नव्हता. जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमन याने १८८१ साली असा विचार मांडला, की झिजलेले जीव त्यांच्या जातीला निरुपयोगी, किंबहुना अपायकारक असतात, कारण ते धडधाकट जीवांची जागा अडवतात. म्हणून नैसर्गिक निवडीनेच आयुष्याला मर्यादा घातली. या युक्तिवादातली गोम विद्यार्थ्यांना शोधायला सांगावी, ती सापडण्याजोगी आहे. जीव झिजतात का, हाच तर मूळ प्रश्न होता. 'झिजलेले जीव काढून टाकण्यासाठी' असे म्हणताना ते झिजतात हे आधीच गृहीत धरले गेले. दुसरे असे, की नैसर्गिक निवड जातीचे हित डोळ्यांसमोर ठेवून चालत नाही. इतर सगळे वेळेवर जागा रिकामी करत असताना एखादा जीव जास्त काळ तरुण राहिला, तर त्याचीच संतती जास्त होईल आणि त्याचाच गुण पसरेल. शिवाय रानातले बहुतेक प्राणी म्हातारपणापर्यंत पोचतच नाहीत. भूक, रोग आणि शिकारी त्यांना आधीच गाठतात. जे मुळात जागा अडवायला शिल्लक राहत नाहीत त्यांना हटवण्यासाठी वेगळी योजना कशाला?

या कोड्याची उकल पीटर मेदावर यांनी १९५१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका व्याख्यानात केली. त्यांनी उदाहरण घेतले होते प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्यांचे. आपण चहाच्या टपरीवरचे काचेचे ग्लास घेऊ.

टपरीवर शंभर ग्लास आहेत आणि दर महिन्याला त्यांतले दहा टक्के हातून निसटून फुटतात. काच म्हातारी होत नाही. दोन वर्षांचा ग्लास आणि कालचा ग्लास, दोघांची फुटण्याची शक्यता सारखीच. तरीही एका महिन्याने त्या शंभरांतले ९० उरतील, पाच महिन्यांनी ५९, दहा महिन्यांनी ३५, वीस महिन्यांनी १२ आणि तीस महिन्यांनी जेमतेम ४. (फळ्यावर याचा आलेख काढावा. दहा मिनिटांचे काम आहे आणि चक्रवाढीचे गणितही होऊन जाते.) आता कल्पना करा, की या ग्लासांना दर महिन्याला पिल्लेही होतात आणि आईबापांचे गुणदोष पिल्लांत उतरतात. एखाद्या दोषामुळे ग्लासाला तिसऱ्याच महिन्यात तडा जात असेल, तर त्याची झळ शंभरातल्या ७३ जणांना लागेल. त्यांना पुढे पिल्ले होणार नाहीत, दोष लवकरच नाहीसा होईल. पण तडा विसाव्या महिन्यात जात असेल तर? झळ लागेल फक्त १२ जणांना. बाकीच्या ८८ ग्लासांत दोष असला तरी तो उघडकीला येण्यापूर्वीच ते फुटलेले असतील, आणि त्यांची पिल्ले तोच दोष घेऊन टपरीवर नांदत असतील.

म्हातारपणाचे मूळ इथे आहे. उतारवयात प्रकट होणारे दोष नैसर्गिक निवडीच्या चाळणीतून निसटतात आणि पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४१ सालीच हंटिंग्टनच्या विकाराबद्दल हे सुचवले होते. मेंदूचा हा आनुवंशिक आजार बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान दिसू लागतो. तोवर रोग्याला मुले झालेली असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

पुढे १९५७ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी भर घातली, की काही जनुके तारुण्यात फायद्याची आणि नंतर तोट्याची असू शकतात. निवड त्यांना उलट जवळ करील. १९७७ मध्ये टॉम कर्कवुड यांनी हाच हिशेब ऊर्जेच्या भाषेत मांडला. शरीराची दुरुस्ती फुकट होत नाही. पुढचा पावसाळा ज्या घरात काढायला मिळेल की नाही याची खात्री नाही, त्या घराचे कौल बदलण्यात कोण पैसे घालील? ती ऊर्जा प्रजननाकडे वळवणारे जीव जास्त संतती मागे ठेवतात.

मग ज्यांच्या जिवाला बाहेरून धोका कमी, ते सावकाश म्हातारे व्हायला हवेत. तसे दिसतेही. उंदीर दोन-तीन वर्षे जगतो. जेमतेम सात ग्रॅम वजनाचे एक वटवाघूळ सायबेरियात खूणपट्टी बांधल्यानंतर ४१ वर्षांनी जिवंत सापडले. उडता येत असल्याने ते शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याजवळ सापेलो नावाचे बेट आहे. तिथले ओपॉसम हे पिशवीवाले प्राणी काही हजार वर्षे शिकाऱ्यांपासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहिले आहेत. स्टीव्हन ऑस्टड यांनी त्यांची तुलना मुख्य भूमीवरल्या ओपॉसमांशी केली, तेव्हा बेटावरचे प्राणी अधिक मंद गतीने म्हातारे होताना दिसले (१९९३).

माणसाच्या बाबतीत गोष्ट आणखी रंगते. स्त्रीची प्रजननक्षमता पन्नाशीच्या सुमारास संपते, पण ती त्यानंतरही कित्येक वर्षे जगते. टांझानियातल्या हाड्झा या शिकार आणि अन्नसंकलन करून जगणाऱ्या लोकांत क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले, की वयस्क बायका जमिनीतले कंद खणण्यात कुणाला हार जात नाहीत, आणि मुलीच्या कडेवर तान्हे बाळ असताना मोठ्या नातवंडांचे पोट आजीच्या कष्टावर भरते. 'आजी सिद्धान्त' म्हणून ओळखली जाणारी ही कल्पना अजून वादाची आहे. पण ओर्का जातीच्या देवमाशांतही माद्या रजोनिवृत्तीनंतर दीर्घकाळ जगतात. २०१२ च्या एका अभ्यासानुसार, तिशी ओलांडलेल्या नराची आई मेली तर पुढच्या वर्षभरात तो मरण्याची शक्यता सुमारे चौदा पटींनी वाढते.

हे वाचून हायसे वाटेल, पण जरा थांबू या. 'नातवंडांना जगवण्यासाठी म्हातारपण असते' असे आपण म्हणालो, तर वाइझमनचीच चूक पुन्हा करू. मग ज्या आजीला नातवंडे नाहीत तिचे काय? मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत : कशामुळे आणि कशासाठी. उत्क्रांतिविज्ञान पहिल्याचे उत्तर देते. म्हातारपण कशासाठीही नेमलेले नाही. तो एका हिशेबाचा आनुषंगिक परिणाम आहे. त्यातून वृद्धांनी बाजूला व्हावे असे निघत नाही. आयुष्य निरर्थक आहे असेही निघत नाही. काही लोक तसे घाईने काढतात खरे, पण मला ते कधी पटलेले नाही. ज्या पुस्तकात हिशेबच नाही, ते उघडून बाकी शून्य आहे असे सांगण्यासारखे ते आहे.

अर्थाचा प्रश्न माणूस विचारतो, आणि तो कधी व कसा विचारतो याचा अभ्यास मात्र होऊ शकतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सन यांनी लोकांना साधा प्रश्न केला : तुम्हाला अर्धा तास मोकळा मिळाला तर कोणाबरोबर घालवाल? घरचे जवळचे माणूस, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाचा लेखक, की नवा ओळखीचा, पण आपल्या आवडीनिवडींशी जुळणारा माणूस? वृद्धांचा कल स्पष्टपणे जवळच्या माणसाकडे होता, तरुणांचा तसा नव्हता. पण तरुणांना 'तुम्ही लवकरच दूरगावी एकटे जाणार आहात' अशी कल्पना करायला सांगताच तेही वृद्धांसारखेच उत्तर देऊ लागले. आणि वैद्यकशास्त्राने तुमचे आयुष्य वीस वर्षांनी वाढवले आहे असे समजा, म्हटल्यावर वृद्धांचा तो कल उरला नाही. १९९७ साली हाँगकाँग चीनकडे सोपवले जाण्याची वेळ जवळ आली, तेव्हा तिथल्या तरुणांची उत्तरेही वृद्धांसारखी झाली होती. हस्तांतरण पार पडल्यावर पुन्हा फरक दिसू लागला. म्हणजे हा वयाचा परिणाम कमी आणि उरलेल्या वेळेच्या जाणिवेचा जास्त. हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात विचारून पाहावा, आणि मुलांना तोच घरी आजी-आजोबांना विचारायला सांगावा. उत्तरांची वर्गवारी करताना मुलांना बरेच काही कळते.

वर ज्यांचा उल्लेख आला ते हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले आणि १९६१ मध्ये भारताचे नागरिक झाले. १९६४ च्या आरंभी त्यांना कर्करोग असल्याचे कळले. रुग्णालयात असतानाच त्यांनी त्या रोगावर एक विनोदी कविता लिहिली. उद्देश असा, की वाचणाऱ्यांनी न लाजता वेळेवर तपासणी करून घ्यावी. बी.बी.सी.साठी त्यांनी स्वतःचा मृत्युलेखही स्वतःच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवला. मग भुवनेश्वरला परत येऊन ते कामाला लागले. १ डिसेंबर १९६४ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी आंध्रातल्या काकीनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवण्यात आला.