परमुलखातील वीज

चेन्नई सेंट्रलहून उत्तरेस आंध्रच्या सीमेकडे जाणाऱ्या उपनगरी गाडीने सुमारे पंचेचाळीस किलोमीटर गेले की गुम्मिडिपूंडी लागते. तमिळनाडू शासनाची मोठी औद्योगिक वसाहत तेथे आहे आणि पोलादाच्या भट्ट्यांपासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत नाना तऱ्हेचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी नोकरीच्या निमित्ताने चार मराठी बिऱ्हाडेही येऊन पडतातच. आमच्या शेजारचे असेच एक बिऱ्हाड सांगली जिल्ह्यातले. काका एका कारखान्यात हिशेबनीस, काकू घर सांभाळणाऱ्या आणि एकुलती एक लेक अमेरिकेत न्यू जर्सीला. लेकीचे दिवस भरत आले, तसे काकूंचे जाण्याचे ठरले आणि आठ दिवस आमच्या आळीत त्या बॅगेखेरीज दुसरा विषय उरला नाही.

एके दिवशी संध्याकाळी काका मला बोलावून घेऊन गेले. म्हणाले, "साहेब, सामान एकदा डोळ्यांखालून घाला. काही राहिले असेल तर सांगा." डिंकाचे लाडू होते, बाळंतशेप होती, बाळाची दुपटी होती. त्यांच्या शेजारी आमच्या ओळखीचा साडेसातशे वॉटचा मिक्सर होता, आणि त्याच्याही शेजारी, टॉवेलात नीट गुंडाळून ठेवलेले, काकूंचे दम्याचे वाफारायंत्र होते. औषधाचे तुषार करून श्वासावाटे छातीत पोहोचविणारे ते यंत्र काकूंना आठवड्यातून दोनतीनदा रात्री लागते. काकांनी खिशातून एक पांढरी डबी काढून दाखविली. तिच्यातून निरनिराळ्या आकारांच्या पट्ट्या आणि खुंट्या बाहेर सरकत होत्या. "दीडशे देशांत चालते, असे दुकानदाराने सांगितले," काका समाधानाने म्हणाले.

मी वाफारायंत्र उलटे करून त्याच्या तळाची पट्टी वाचली. तिच्यावर लिहिले होते: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. एवढेच. श्रोतेहो, आजचे माझे सारे भाषण त्या एका ओळीविषयी आहे.

पुष्कळांची समजूत अशी असते की परदेशात आपले उपकरण चालत नाही ते केवळ तेथल्या भिंतीवरील भोके निराळ्या आकाराची असतात म्हणून. भोकांचा आकार हा अडचणीचा लहानसा भाग आहे, आणि तो डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्याचाच विचार करतो. खरा भेद भिंतीच्या आत आहे. आपल्या घरी येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्टांच्या आसपास असतो आणि तिच्या प्रवाहाची दिशा दर सेकंदास पन्नास आवर्तने करीत पालटत असते. अमेरिकेत हाच दाब १२० व्होल्ट आणि आवर्तने साठ. जपानात दाब त्याहूनही कमी, १०० व्होल्ट. काकांच्या खिशातली डबी आपली खुंटी त्यांच्या भोकात बसवून देते. दाबात ती एका व्होल्टचाही फरक करीत नाही. तिला फार तर दुभाष्या म्हणावे, पण असा दुभाष्या की जो शब्दांचा उच्चार तेवढा बदलतो आणि अर्थ होता तसाच ठेवतो.

हा भेद निर्माण झाला तरी कसा? एडिसनने १८८२ साली न्यू यॉर्कमध्ये आपले वीजघर सुरू केले, तेव्हा त्याच्या कोळशाच्या तंतूच्या दिव्यांना सुमारे ११० व्होल्टांचा दाब मानवत असे. अमेरिकेने पुढे तोच पायंडा थोड्याफार फरकाने चालू ठेवला. युरोपात बर्लिनच्या वीज कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाब दुप्पट, म्हणजे २२० व्होल्ट केला. दाब दुप्पट केला म्हणजे तितकीच शक्ती निम्म्या प्रवाहात पोहोचविता येते आणि तांब्याच्या तारा बारीक वापरल्या तरी भागते. जपानची कथा आणखी निराळी. टोकियोने १८९५ साली जर्मनीहून जनित्रे आणली, ती पन्नास आवर्तनांची होती. ओसाकाने १८९६ साली अमेरिकेहून आणली, ती साठ आवर्तनांची. त्या दोन खरेद्यांमुळे जपानची वीज आजतागायत दुभंगलेली आहे. २०११ च्या भूकंपानंतर पूर्व जपानात विजेचे दुर्भिक्ष झाले, तेव्हा पश्चिमेकडे वीज असूनही ती पुरेशा प्रमाणात पूर्वेकडे वळविता आली नाही, याचे एक मोठे कारण हा भेदच होता.

आपल्याकडील जुन्या प्रवाशांना यासारखा अनुभव घरबसल्या घडलेला आहे. मुंबईत १९२५ साली विजेवर आगगाडी धावू लागली ती १५०० व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावर. पुढे देशभर २५,००० व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह आला आणि मुंबईची वीज व बाहेरची वीज यांची सीमा इगतपुरीला येऊन ठेपली. घाट चढून आलेली गाडी तेथे थांबे, इंजिन बदलले जाई आणि मगच ती नाशिककडे निघे. पश्चिम रेल्वेवर विरारच्या पुढे अशीच सीमा होती. तेथे १९७५ च्या सुमारास दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आली आणि गाडीचा खोळंबा टळला. २०१६ साली हार्बर मार्गावरचे काम पुरे झाले आणि मुंबईच्या उपनगरी मार्गांवरचा हा भेद इतिहासजमा झाला. आपली घरगुती उपकरणेही या इंजिनांसारखीच दोन जातींची असतात. काही एकाच दाबाला जन्मभर बांधलेली, तर काही दोन्हीकडे सुखाने चालणारी. आपले उपकरण कोणत्या जातीचे, हे ओळखणे म्हणजेच निम्मी तयारी.

ते ओळखावे कसे? उपकरणाच्या तळाशी, पाठीशी अथवा त्याच्या भारकावर, म्हणजे चार्जरवर, बारीक अक्षरांची एक पट्टी असते. तिच्यावर बहुधा दोन ओळी असतात, 'इनपुट' आणि 'आउटपुट'. अनेकजण घाईत दुसरी ओळ वाचतात आणि तेथे पाच किंवा एकोणीस व्होल्ट पाहून गोंधळतात. भारक आपल्या यंत्राला काय देतो ते तिथे सांगितलेले असते. आपल्याला हवी ती पहिली ओळ, भिंतीतून काय घेतो ती. तिथे '१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे असेल तर त्या यंत्राला साऱ्या जगात मज्जाव नाही. भ्रमणध्वनी, संगणक, छायाचित्रण यंत्र यांचे आजचे भारक बहुतेक असेच असतात. त्यांना केवळ खुंटीचा आकार बदलून देणारी डबी पुरते. उलट तिथे नुसते '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ' असेल, तर ते उपकरण अमेरिकेला नेणे म्हणजे मीटरगेजची आगगाडी ब्रॉडगेजवर चढविण्यासारखे आहे.

नेलेच तर काय होईल? इस्त्री, पाण्याची किटली, केस वाळविण्याचे यंत्र यांसारख्या तापणाऱ्या उपकरणांत तारेचा विरोध जवळजवळ कायम असतो, आणि शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून आपली १,००० वॉटची इस्त्री न्यू जर्सीत जेमतेम २७० वॉट देईल. तिने कपडा कोमट होईल, सुरकुती जाणार नाही. यात नुकसान फारसे नाही, निराशा आहे. परंतु हाच हिशेब उलटा करून पाहा. अमेरिकेतील १,००० वॉटची इस्त्री आपल्याकडे लावली तर ती सुमारे ३,६०० वॉट ओढू लागते. काही क्षणांत तार लाल होते, आवरण वितळते आणि प्रसंगी पडदा पेटतो. आमच्याच घरी एका आप्तांनी प्रेमाने आणलेले कॉफीचे यंत्र असे पहिल्याच दिवशी धूर सोडून गेले. त्या दिवशी मी पट्टी वाचली असती तर ते वाचले असते. तेव्हा जाणाऱ्याने जितके पाहायचे, त्याहून अधिक येणाऱ्याने पाहावे, एवढा धडा मी त्या दिवशी शिकलो.

मिक्सरची गोष्ट निराळी. त्याची मोटर अर्ध्या दाबावर फिरेल, पण मरगळल्यासारखी. भिजलेली डाळ तिच्याने धड वाटली जाणार नाही, आणि पाते अडकून राहिले तर मोटर तापून जळेल. यावर उपाय म्हणून दाब चढविणारे रोहित्र मिळते. परंतु मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, म्हणून रोहित्र उपकरणाच्या निदान दुप्पट क्षमतेचे हवे. दीड हजार वॉटचे ते लोखंड-तांब्याचे ओझे काही किलोंचे होते. त्यापेक्षा १२० व्होल्टांचा मिक्सर तिथेच घेतलेला बरा; भारतीय पद्धतीचे, चटणीची भांडी असलेले तसे मिक्सर तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात. स्वस्त, हलके, रोहित्रावाचून दाब बदलतो म्हणविणारे काही परिवर्तक बाजारात असतात. ते केवळ तापणाऱ्या साध्या उपकरणांपुरते असतात. मोटर किंवा नाजूक विद्युत्-मंडले त्यांच्यावर लावू नयेत.

आवर्तनांचा भेद मात्र रोहित्रानेही मिटत नाही. विजेच्या आवर्तनांवर चालणारे आपले भिंतीवरील घड्याळ अमेरिकेत लावले, तर दाब जुळवून घेतला तरीही ते दर तासाला बारा मिनिटे पुढे जाईल.

आता भोकांविषयी थोडेसे. आपल्या तीन गोल खुंट्या मूळच्या ब्रिटिशांच्या. ब्रिटनने १९४७ साली आयताकृती तीन खुंट्यांचा, पोटात फ्यूज असलेला नवा प्रकार ठरविला. आपण जुनाच ठेवला. म्हणून लंडन, दुबई, सिंगापूर येथे आपला दाब चालतो, पण खुंटी चालत नाही. मॉरिशसमधील मराठी मंडळींकडे जा अथवा इस्रायलमधील बेने इस्रायल बांधवांकडे जा, दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, आकार तेवढा निराळा. युरोपच्या मुख्य भूमीवर दोन गोल खुंट्या, ऑस्ट्रेलियात तिरप्या चपट्या, अमेरिकेत सरळ चपट्या. आपल्या तिन्ही खुंट्यांतील लांब व जाड खुंटी भूसंपर्काची असते. यंत्राच्या धातूच्या अंगात चुकून वीज उतरली, तर ती माणसाऐवजी जमिनीत जावी म्हणून तिची योजना. बसत नाही म्हणून ती खुंटी कापणे किंवा काडी खुपसून भोक उघडणे हे आपल्याकडे सर्रास चालते. ते प्राणाशी खेळणे आहे. डबी घेतानाही तिच्यातून भूसंपर्क पलीकडे पोहोचतो की नाही हे पाहावे, कारण पुष्कळ डब्यांत तो पोहोचत नाही.

विमानाने जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. विजेचा साठा करणारी सुटी बॅटरी, म्हणजेच पॉवरबँक, मोठ्या बॅगेत ठेवू नये, ती हातातल्या पिशवीतच न्यावी. शंभर वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सामान्यतः विशेष परवानगीवाचून नेता येते. वीस हजार मिलीअँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ७४ वॉट-तासांची भरते.

पुन्हा काकूंकडे वळू. त्यांच्या वाफारायंत्रातील पंप २३० व्होल्टांचा. न्यू जर्सीच्या थंडीत, मध्यरात्री, लेकीच्या घरी, दम लागलेला असताना काकूंनी ते त्या पांढऱ्या डबीत खोचले असते, दिवाही कदाचित लागला असता, आणि नळीतून औषधाचे तुषार मात्र आले नसते. मिक्सर चालला नाही तर चटणी राहते. इथे श्वासाचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी काका त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या सल्ल्याने बॅटरीवर चालणारे लहान वाफारायंत्र घेतले. त्याच्या भारकाची पट्टी काकांनी दुकानातच चष्मा लावून मोठ्याने वाचली: "शंभर ते दोनशे चाळीस." डॉक्टरांची चिठ्ठी, औषधे आणि ते यंत्र काकूंच्या हातातल्या पिशवीत गेले. मिक्सर माझ्या घरी राहिला. लाडू अर्थातच गेले.

नातू सुखरूप झाला. काकूंचा दूरध्वनी आला तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की थंडी फार आहे, दोनदा यंत्र लावावे लागले आणि ते चालले. येताना लेकीने त्यांना तिथली एक सुरेख इस्त्री देऊ केली. काकूंनी ती उलटी करून पट्टी वाचली, आणि परत तिच्या कपाटात ठेवून दिली.