पवनचक्की एवढी सुस्त का?

ठोसेघरहून चाळकेवाडीच्या पठारावर गेलं की पवनचक्क्या कंटाळल्यासारख्या फिरताना दिसतात. हा आळस फसवा आहे. पातं इतकं लांब, की मधला भाग रमतगमत फिरला तरी टोक महामार्गावरच्या गाडीपेक्षा जोरात धावतं.

वारा पात्याला नुसता ढकलत नाही. विमानाच्या पंखासारख्या आकारामुळे एका बाजूला हवेचा दाब घटतो आणि पातं तिकडे ओढलं जातं. वरच्या डब्यातली दातेरी चाकं, सायकलच्या गिअरसारखी, ही संथ गती अनेक पटींनी वाढवून जनित्राला देतात.

खरी गंमत वाऱ्याच्या वेगात आहे. वेग दुप्पट झाला, की वाऱ्यातली शक्ती आठपट! म्हणून तर एवढी अवजड धुडं घाट चढवून पठारावर नेतात. पण वादळी वारा सुटला, की नव्या चक्क्या पाती वळवून चक्क थांबतात.